एक तास समुद्रापाशी

मुंबई महानगरीच्या वाहनतळांचा कारभार पाहणाऱ्या सर्व मान्यवरांस,



हे पत्र कोणा एका अधिकाऱ्याच्या नावे लिहावे असे प्रथम मनात होते; परंतु परगावाहून स्वतःची मोटार घेऊन मुंबईत आलेल्या माणसाने ती कोठे उभी करावी, हे त्याला सांगण्याची जबाबदारी नेमकी कोणाच्या शिरावर आहे, याचा उलगडा गेल्या दोन वर्षांच्या येरझाऱ्यांत मला झालेला नाही. रस्त्याच्या कडेची जागा महानगरपालिकेची, तेथे वसुली करणारा ठेकेदार निराळा, स्थानकाबाहेरची जागा रेल्वेची, आगारातली बेस्टची, नव्या संकुलातली प्राधिकरणाची, आणि उभी केलेली गाडी उचलून नेण्याचा अखत्यार वाहतूक पोलिसांचा, अशी या एका प्रश्नाची इतक्या ठिकाणी वाटणी झाली आहे की ज्याच्याकडे जावे तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. म्हणून ज्यांच्या ज्यांच्या दफ्तरात या विषयाचा एखादा तरी कागद असेल त्या सर्वांस उद्देशून हे अनावृत पत्र लिहीत आहे, आणि प्रत्येकाने ते आपल्याच नावे आले आहे असे समजून वाचावे, अशी माझी प्रार्थना आहे.

मी सातारा जिल्ह्यातील वाई येथे राहणारा निवृत्त शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीस कर्करोगाचे निदान झाले, परळच्या एका रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणोपचार झाले, आणि ईश्वरकृपेने व तेथील डॉक्टरांच्या कौशल्याने ती आज हिंडती-फिरती आहे. मात्र दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी आम्हांस मुंबईस यावेच लागते. वाईला रेल्वे नाही. एस. टी. आहे, आणि तरुणपणी त्याच एस. टी.ने आम्ही उभा महाराष्ट्र पालथा घातला. पण शस्त्रक्रियेनंतर तिला दीड-दोन तासांहून अधिक एका बैठकीत बसवत नाही, वाटेत उतरावे लागते, पाय मोकळे करावे लागतात, कधी घटकाभर आडवे व्हावे लागते, आणि वेळापत्रकाने बांधलेल्या गाडीला एका प्रवाशासाठी असे थांबता येत नाही. म्हणून आमच्या जुन्या लहानशा मोटारीने, पहाटे तीनच्या सुमारास घर सोडून, खेड-शिवापूरचा आणि द्रुतगती मार्गाचा टोल भरून, वाशीच्या खाडीपुलावरून आम्ही आपल्या शहरात प्रवेश करतो. ही मोटार आमच्या घरी रुग्णाची खाट म्हणून वापरली जाते, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण ‘गाडीवाले’ या एका शब्दात सर्वांची गणना करून टाकण्याची रीत अलीकडे पडली आहे, आणि त्या शब्दाआड कोण कोण प्रवास करीत असते याची कल्पना कारभाऱ्यांना असावी असे मला वाटते.

तपासणी आटोपली म्हणजे एक तास समुद्रापाशी बसावयाचे, हा माझ्या पत्नीचा नेम आहे. ज्या दिवशी निदान कळले त्या दिवशी रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडताना ती ‘घरी चला’ असे म्हणाली नाही, ‘समुद्रावर जाऊ या’ असे म्हणाली. आणि नेताजी सुभाषचंद्र बोस मार्गाच्या, म्हणजे ज्याला सारे जग मरीन ड्राइव्ह म्हणते त्या रस्त्याच्या कट्ट्यावर आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत काही न बोलता बसलो होतो. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या बाईला पाणी नवे नाही. पण ज्याला पैलतीर नाही असे पाणी तिने आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले होते. त्या तासाने तिला काय दिले ते मी तिला विचारले नाही, तिने सांगितले नाही. परंतु पुढे प्रत्येक तपासणीच्या आधी तिची पिशवी भरताना त्यात जुने अहवाल, पाण्याची बाटली आणि कट्ट्यावर अंथरावयाचा एक पंचा या तीन वस्तू न चुकता असतात.

गेल्या जानेवारीत अहवाल चांगला आला. चार वाजून गेले होते. कट्ट्यापाशी गाडी क्षणभर थांबवून मी तिला उतरविले आणि ‘जागा मिळाली की आलोच’ असे म्हणून पुढे निघालो. गिरगाव चौपाटीपाशी वळलो, इमारतींच्या बाजूने नरिमन पॉइंटपर्यंत आलो, आत जाणाऱ्या गल्ल्यांत शिरून पाहिले. जेथे पैसे घेऊन गाड्या उभ्या करतात तेथे दुरूनच हात हलवून ‘पुढे जा’ असे खुणावण्यात आले, आणि जेथे चार पावले जागा मोकळी दिसली तेथे मनाईचा फलक होता. नरिमन पॉइंटला वळसा घालून समुद्राच्या बाजूने परत आलो तेव्हा डाव्या काचेतून ती दिसली. तिने आपल्या शेजारी पंचा अंथरून त्यावर पिशवी ठेवली होती, माझी जागा धरली होती. मी हात केला, तिने हात केला, आणि मागच्या भोंग्यांनी मला पुढे ढकलले. अशा फेऱ्या सुरू झाल्या. जाताना रस्त्यापलीकडे तिची पाठ दिसे, येताना चेहरा. तिसऱ्या फेरीत पिशवी तिच्या मांडीवर आली होती, कारण गर्दी वाढली होती आणि माझ्या जागेवर कोणी तरुण मुले येऊन बसली होती. चौथ्या फेरीत सूर्य गेला होता. मी गाडी कडेला घेतली, ती घाईघाईने आत बसली, आणि आम्ही परतीच्या वाटेला लागलो. वाशीचा पूल ओलांडल्यावर तिने पिशवीतून खाऱ्या दाण्यांची कागदी सुरळी काढून माझ्या हातात दिली. दोघांसाठी म्हणून घेतलेल्या दाण्यांतला माझा वाटा तिने तसाच राखून ठेवला होता. समुद्राच्या हवेने ते दाणे सादळले होते.

त्या रात्री घरी पोहोचल्यावर हे पत्र लिहावयाचे मी ठरविले.

तक्रारींकडे वळण्यापूर्वी मी काय मागत नाही हे स्पष्ट करतो. मला फुकट जागा नको आहे, आणि समुद्राच्या काठावर तर अल्प दरातही नको आहे. भूगोल शिकविण्यात माझी हयात गेली. आपली नगरी सात बेटांमधले पाणी हटवून उभी राहिली, बॅक बेची भरणी करून मरीन ड्राइव्हचा तो डौलदार वक्र घडविला गेला, आणि त्या भूमीचा चौरस फूट हे सोन्याहून मोलाचे माप आहे, हे मी वर्गात फळ्यावर नकाशा काढून सांगत आलो आहे. एक मोटार उभी करावयास सुमारे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते; म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. बी. डी. डी. चाळींतील ज्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या पिढ्या जन्मल्या, शिकल्या आणि संसाराला लागल्या, त्या १६० चौरस फुटांच्या आहेत. ज्या नगरीत एका कुटुंबाने आणि एका मोटारीने व्यापलेल्या जागेत एवढेच अंतर आहे, तेथे मोटारीला किनाऱ्यावर स्वस्त जागा द्या असे म्हणावयास माझी जीभ धजणार नाही. तशात नगरीतल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या ४० लाखांच्या पलीकडे गेली आहे, तेथे आम्हां बाहेरच्यांची भर. रस्ता चालणाऱ्यांचा आहे, रुग्णवाहिकेचा आहे, बसचा आहे, हे मला मान्य आहे. केंद्र शासनाच्या २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच तत्त्व सांगितले आहे की वाहन उभे करण्याचे शुल्क जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे. परंतु त्याच धोरणात त्याच्या जोडीला दुसरी गोष्टही सांगितली आहे, ती ही की माणसाला आपले वाहन दूर ठेवून सार्वजनिक वाहनाने पुढे जाता यावे अशी सोय करून द्यावी. पहिल्या अर्ध्या वाक्याची अंमलबजावणी आपण तत्परतेने केली आहे. दुसरे अर्धे वाक्य अजून कागदावर आहे, आणि माझे सारे गाऱ्हाणे त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याविषयी आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. आपल्या नगरीतल्या जुन्या पाणपोया मी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर एकदा हिंडून पाहिल्या होत्या. मशीद बंदराजवळची केशवजी नाईकांची १८७६ सालची, फोर्टातली रतनशी मूळजी जेठांची १८९४ सालची, आणि अशा आणखी कितीतरी. त्या काळच्या व्यापाऱ्यांनी त्या बांधल्या, पुष्कळदा आप्तस्वकीयांच्या स्मरणार्थ. माणसाला पाणी पिता यावे म्हणून वर नळ किंवा तोटी आणि गाडीच्या बैलाला, टांग्याच्या घोड्याला पिता यावे म्हणून खाली दगडी हौद, अशी त्यांपैकी पुष्कळांची रचना असे. वाटसरू आला म्हणजे त्याच्यामागे त्याचे जनावर येणारच, आणि जनावराची तजवीज झाल्यावाचून वाटसरूची तजवीज पुरी होत नाही, हे ज्या नगरीने दगडात कोरून ठेवले, त्याच नगरीच्या आजच्या कारभाऱ्यांना मी लिहीत आहे. आपल्या भाषेत ‘तळ’ हा शब्दही त्याच अर्थाचा आहे. दूर पल्ल्याची मजल मारून आलेल्यांनी आपली घोडी, आपले सामान आणि आपला शीण उतरवून ठेवावा ती जागा म्हणजे तळ. ‘वाहनतळ’ हा शब्द ज्याने कोणी घडविला त्याच्या कानात तो अर्थ असला पाहिजे. परळ-दादरच्या टापूत रुग्णांच्या नातलगांसाठी संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आजही आहे, म्हणजे माणसाला पाठ टेकावयास जागा देणारे पुण्यशील लोक तुमच्याकडे आजही आहेत. ज्या गाडीने ते माणूस येते तिच्यासाठी मात्र अशी जागा कोणी योजलेली नाही.

आता तक्रारी. पहिली पावतीची.

रुग्णालयापासून जवळच रस्त्याच्या कडेला पैसे देऊन गाड्या उभ्या करण्याची एक जागा आहे. तिचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण एकाला शिक्षा व्हावी म्हणून हे पत्र नाही, आणि तेथे जे घडले ते अन्यत्र घडत नाही असे मानावयास माझ्याजवळ कारण नाही. मागच्या पावसाळ्यात तेथे गाडी लावली तेव्हा वसुली करणाऱ्या मुलाने प्रथम गाडीच्या पाटीवरचा ‘एम. एच. ११’ हा साताऱ्याचा आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिले, आणि ‘काका, दिवसाचे पाचशे’ असे सांगितले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चाचण्यांसाठी पुन्हा तेथेच यावे लागले. त्या दिवशी दुसरा मुलगा होता, त्याने अडीचशे घेतले. दोन्ही पावत्या माझ्याजवळ आहेत. पहिलीवर पेनाने काढलेला आकडा आहे, पण वेळ नाही, गाडीचा क्रमांक नाही, तासाचा दर नाही. दुसरीवर तर आकडाही पावसाने पुसला गेला आहे. दरपत्रकाचा फलक कोठे आहे असे विचारले तेव्हा त्याने एका झाडाकडे बोट दाखविले. झाडाच्या फांद्यांआड खरोखरच एक फलक होता, आणि त्यावरची अक्षरे उडून गेलेली होती. त्या मुलांचा मला राग नाही. पहिला मुलगा माण तालुक्यातला निघाला, आमच्याच जिल्ह्याचा. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत उन्हापावसात उभा राहतो, बसावयास खुर्ची नाही, डोक्यावर छत्री स्वतःची. आणि ‘काका, संध्याकाळी आकडा भरून द्यावा लागतो’ असे तो सांगत होता तेव्हा त्याचा आवाज खाली गेला होता. राग आहे तो अशा व्यवस्थेचा, जिच्यात जागा सरकारची, दर सरकारचा, पण त्या दराचा आणि वाटसरूचा परिचय कोणीच करून देत नाही. स्थानिक माणसाला ठरलेला दर ठाऊक असतो, तो घासाघीस करतो. आमच्या गाडीची पाटीच सांगून टाकते की याला ठाऊक नाही.

दुसरी तक्रार सार्वजनिक वाहनतळांची, आणि ती अधिक गंभीर आहे. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद आहे की एखाद्या विकासकाने आपल्या जागेत सार्वजनिक वाहनतळ बांधून महानगरपालिकेच्या हवाली केला तर त्याला वाढीव चटई क्षेत्र मिळते. याचा अर्थ उघड आहे. त्या वाहनतळाची किंमत समाजाने आधीच मोजली आहे. उंच झालेल्या इमारतीच्या सावलीत, वाढलेल्या गर्दीत, ताण पडलेल्या पाण्याच्या नळांत ती मोजली आहे. अशा वाहनतळाचे दार तरी शोधू पाहणाऱ्याला सापडावे की नाही? मध्य मुंबईतल्या एका भव्य इमारतीखाली असा तळ आहे असे कळल्यावरून मी तेथे गेलो, तर प्रवेशद्वारावर इमारतीचे इंग्रजी नाव पितळी अक्षरांत, आणि सार्वजनिक वाहनतळाची पाटी बाजूच्या भिंतीवर, गाडीतून उतरल्याशिवाय वाचता येणार नाही एवढी. गणवेशातल्या पहारेकऱ्याने ‘हे खासगी आहे’ असे सांगितले. मी उतरून त्याला पाटी दाखविली तेव्हा ‘मग भरलेले आहे’ असे उत्तर आले. मी आग्रह धरला, वरिष्ठ आला, आणि तळघराच्या दुसऱ्या मजल्यावर मी गाडी नेली तेव्हा तेथे दिव्यांच्या उजेडात पिवळ्या पट्ट्यांच्या रिकाम्या चौकटींच्या रांगा दूरवर गेलेल्या होत्या. त्या विस्तीर्ण, कोरड्या, निःशब्द जागेत माझी एकटी गाडी उभी करून मी वर आलो, तर रस्त्यावर एका औषधाच्या दुकानासमोर माझ्यासारखीच चार माणसे जागेसाठी हुज्जत घालीत होती. २०१९ च्या जुलैत अशा वाहनतळांपासून ५०० मीटरांच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीस १०,००० रुपये दंड आकारण्याचा हुकूम निघाला होता, हे आपणांस स्मरत असेल. जागा असताना रस्ता अडविणाऱ्याला शासन व्हावे, यात मला गैर काही वाटत नाही. पण दंडाचे अंतर ज्या तत्परतेने मोजले गेले त्याच तत्परतेने त्या ५०० मीटरांच्या वर्तुळात चार ठिकाणी मोठ्या देवनागरी अक्षरांत, बाण काढून, ‘सार्वजनिक वाहनतळ, दर एवढा, आत इतकी जागा शिल्लक’ असे फलक लागले असते तर किती जणांवर दंड भरण्याची पाळीच आली नसती!

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून सांगावी की काय असा प्रश्न पडतो. मोबाइलवर पाहून जागा शोधा, असे तरुण मंडळी सांगतात. चालविता चालविता मोबाइल पाहू नये असा कायदा आहे, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला चष्मा लावूनही त्यातली अक्षरे वाचता येत नाहीत. एक दूरध्वनी क्रमांक असावा, तो मराठीत बोलणाऱ्या जिवंत माणसाने उचलावा, आणि ‘या वेळी परळच्या आसपास अमुक ठिकाणी जागा आहे’ एवढे त्याने सांगावे. माझ्या वयाच्या हजारो माणसांना याहून अधिक यंत्रसामग्री नको आहे.

आता विनंत्या, त्यांतली मुख्य एकच आहे आणि बाकीच्या तिच्या पोटातल्या आहेत.

आमच्या गाड्या नगरीच्या उंबरठ्यावर उतरवून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. पूर्वी तेथे आम्ही पंचेचाळीस रुपये देत होतो. ते वाचले याबद्दल शासनाचे आभार. परंतु मनापासून सांगतो, मान्यवरहो, त्या पंचेचाळीस रुपयांच्या जागी शंभर घेतले असते आणि मानखुर्दला, मुलुंडला, दहिसरला गाडी दिवसभर सुरक्षित ठेवण्याची सोय दिली असती तर मी अधिक आनंदाने ते दिले असते. मानखुर्दला लोकल आहे, पण परळला जावयाचे तर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, आणि कुर्ल्याचा तो पूल शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने कसा चढावा हे ज्याने त्याने तेथे उभे राहून पाहावे. म्हणून तळ नुसता पुरेसा नाही. त्या तळावरून, खाली वाकलेल्या पायरीची, अर्ध्या-अर्ध्या तासाने सुटणारी एक बस परळच्या रुग्णालयांच्या दारापर्यंत आणि तेथून पुढे समुद्रापर्यंत असावी. गाडीच्या पावतीवरच त्या दिवशीचा बसप्रवास समाविष्ट असावा. बेस्ट हा उपक्रम १९४७ पासून नगरीचा स्वतःचा आहे, त्याची आगारे मोक्याच्या ठिकाणी आहेत, आणि बस चालविण्याचे कसब त्यांच्याइतके कोणाला? आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरांची भुयारी मेट्रो आता पूर्ण झाली आहे. तिच्या चर्चगेट स्थानकातून वर आले की समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि तेथे उद्वाहक आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात एखादा दिवसभराच्या दराचा तळ बाहेरगावच्या गाड्यांसाठी राखून ठेवला तर उत्तरेकडून येणाऱ्यांची सोय त्या एका मार्गाने होऊ शकेल. दर तासाचा नसावा, दिवसाचा असावा. रुग्णालयातल्या रांगेचा अंदाज डॉक्टरांनाही नसतो; दोन तासांचे पैसे भरून आत गेलेला माणूस सहाव्या तासाला बाहेर येतो, आणि मध्यंतरी त्याचे अर्धे लक्ष रुग्णाकडे, अर्धे घड्याळाकडे असते. परळच्या परिसरातल्या सार्वजनिक वाहनतळांत बाह्यरुग्ण विभागाचा त्या दिवशीचा कागद दाखविणाऱ्यास दिवसाचा एक बेताचा दर लावावा, ही याच विनंतीची पोटविनंती. सागरी किनारा मार्गाच्या आराखड्यात हाजी अलीच्या परिसरात भूमिगत वाहनतळांची योजना आहे. तेथे काही थोड्या जागा वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी, एका तासाच्या बोलीवर का होईना, राखल्या जाव्यात. तास संपताच आम्ही निघून जाऊ.

आणि पावती छापील असावी. तिच्यावर गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ आणि मंजूर दर असावा, एवढे केले तरी माण तालुक्यातल्या त्या मुलाला संध्याकाळी आपला आवाज खाली आणावा लागणार नाही.

या सर्व गोष्टी मागण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला काय, तो येथे मालमत्ता कर भरत नाही, असा आक्षेप एका सुशिक्षित गृहस्थांनी माझ्यापाशी घेतला होता. त्यांना मी जे उत्तर दिले तेच येथे लिहितो. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात मुंबई-ठाण्याच्या क्रमांकांच्या मोटारींची रांग आमच्या गावातून पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरकडे जाते. त्या दिवसांत बाजारपेठेतून मंडईपर्यंत चालत जावयास आम्हांस दुप्पट वेळ लागतो. ढोल्या गणपतीच्या दर्शनासाठी उतरलेल्या पाहुण्यांच्या गाड्या घाटाजवळच्या आमच्या आळीत, घरांच्या ओट्यांना टेकून उभ्या राहतात. कोणाच्या दारासमोर गाडी आली तर घरातली बाई बाहेर येऊन ‘जरा पुढे घ्या, म्हणजे मुलांना सायकल काढता येईल’ एवढेच म्हणते, आणि गाडीत म्हातारे माणूस दिसले तर पाणी विचारते. मी हे आमच्या थोरवीसाठी सांगत नाही. आमच्या नगरपरिषदेनेही या बाबतीत करावयाचे पुष्कळ शिल्लक आहे आणि तिला मी निराळा अर्ज केला आहे. सांगावयाचे एवढेच की तुम्हांला डोंगर हवा असतो आणि आम्हांला समुद्र. आणि मुंबईचा समुद्र काय, आमचा घाट काय, तेथल्या करदात्यांच्या एकट्याच्या मालकीचा नाही. शिवाय मुंबईस येणारे आम्ही सारे सहलीला येत नाही. कोणी उच्च न्यायालयातल्या तारखेला येतो, कोणी मंत्रालयातल्या अर्जाच्या पाठपुराव्याला, कोणी परळला. महाराष्ट्राची राजधानी म्हटली की तिच्या दारी सबंध महाराष्ट्राची ये-जा राहणारच, आणि त्या ये-जा करणाऱ्यांत रेल्वे नसलेल्या तालुक्यांतली माणसे बहुसंख्य नसली तरी थोडीथोडकीही नाहीत.

पत्र लांबले, याची जाणीव आहे. माझ्याजवळच्या दोन्ही पावत्या, वाहनतळाच्या त्या पाटीचे छायाचित्र आणि माझ्या फेऱ्यांची तारीखवार टाचणे मी जपून ठेवली आहेत. आपल्यापैकी ज्यांना ती पाहावयाची असतील त्यांच्याकडे पुढच्या खेपेस घेऊन येण्यास मी सिद्ध आहे. पत्नीची पुढील तपासणी चैत्रात आहे. त्या दिवशी सायंकाळी पाच ते सहा या वेळात मला कोठेतरी, कितीही दूर असो, ठरलेल्या दराने गाडी सोडून तिच्या शेजारी येऊन बसता यावे, एवढी तजवीज तोवर झाली तर मी आपला ऋणी राहीन.



आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
वाई, जिल्हा सातारा